छत क्रमांक ४११२

छपराभोवती निळी रेघ, विहिरीवर लाल टिंब,
झाडाला हिरवा ठिपका, रस्त्याला काहीच नाही.
मालमत्ता कराच्या ठेक्यावर, एका छताचे सव्वा रुपये,
असं मी नागपूर बघितलं
आठ महिने, आभाळाच्या बाजूनं.

या बाजूनं माणसं दिसत नाहीत, सावल्या दिसतात.
कूलर दिसतात, मोजता मोजता डोळे दुखावेत इतके,
आणि प्रत्येकाखाली ओलीचा एक डाग.
सोनेगावच्या तलावावरून एक शिवण जाते:
अलीकडे मे महिना, भेगाळलेला,
पलीकडे सप्टेंबर, काठोकाठ.
एक म्हैस नेमकी शिवणीवर सापडलीय,
पुढची अर्धीच.
मागची अर्धी सप्टेंबरात घरी गेली असावी.

विमानतळाकडे उतरणारं विमान तीनदा दिसतं,
लाल, हिरवं, निळं, जरा जरा सरकलेलं;
कॅमेरा एकेक रंग टिपेपर्यंत ते थांबलंच नाही.
कोराडीकडे राखेचं तळं. तो रंग
मी फक्त लग्नातल्या आइस्क्रीमचा पाहिला होता.
शेंडे सरांना बोलावून दाखवला.
ते म्हणाले, "तळ्याला पैसे नाहीत. पुढे चल."

मग तांडापेठ.
छत क्रमांक ४११२, चुन्यानं पांढरं केलेलं,
आणि त्यावर काळ्या अक्षरात, पंधरा फूट उंच:

ये

एवढंच. मात्रा थोडी वाकडी.
मी रेघ न ओढता बघत बसले.
माणसाला बोलावायचं तर कुणी फोन करेल.
एवढं मोठं अक्षर कुणासाठी,
ज्याला वरूनच वाचता येतं त्याच्यासाठी?

रविवारी स्कूटी काढली.
गल्लीत मागाचा खटखटाट एकाच घरातून येत होता.
तेच घर. देवकाबाई निनावे, केसांत सुताचे कण.
मी विचारलं, तशा पदर तोंडाला लावून हसल्या.
"अवो, ते डांबर होय जी! छत गळते ना.
जिथं गळते तिथं पोरगा फासते.
ये कायचं न जा कायचं!"

वर नेलं. मी अक्षराच्या मधोमध उभी राहिले.
इतक्या जवळून ते नुसतं डांबर,
उन्हानं मऊ झालेलं. चपलेला चिकटलं.

चहा त्यांनी वरच आणला,
आणि बशीत ओतता ओतता, आवाज न बदलता:
"तुमी टॅक्सवाल्या काय?
ते टिनाचं शेड दिसते का वरून?"

शेडात दुसरा माग होता.
त्यावर हातभर विणून झालेलं लुगडं,
काठ मोरपंखी.

मी म्हटलं, झाडाची सावली पडते तिथं.
नीट दिसत नाही.

देवकाबाईंनी चहूकडे पाहिलं.
गच्च्या, टाक्या, डिशच्या छत्र्या,
थेट गोळीबार चौकापर्यंत एक पान नाही.
"हव," त्या म्हणाल्या,
"लय दाट पडते बाप्पा."

सोमवारी घराभोवती निळी रेघ ओढली.
शेडपाशी आले, हात थांबला.
मग हिरवा ठिपका.
संगणकानं विचारलं, प्रकार?
कडुनिंब.
उंची?
माझ्या माहेरच्या अंगणातल्याची लिहिली.

शेंडे सरांनी तपासलं, पास केलं.
सव्वा रुपया जमा झाला.

आता तो कडुनिंब नागपुरात आहे.
कधीतरी, कुठल्यातरी शहरात, माझ्यासारखं कुणी
रात्री जागत नकाशावर फिरताना
त्या छतावरच्या हिरव्या ठिपक्याशी अडखळेल,
आणि सुट्टी बघून शोधत येईल.

देवकाबाई आधी चहा ठेवतील.
मग सांगतील
काय सांगायचं ते.